नवीन गाडीचा टचस्क्रीन बाबांना काही केल्या जमत नाहीये, ताम्हिणीत पार फजिती झाली

खिडकीतली_चिमणी:

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सॉरी म्हणून ठेवते.

आमच्याकडे चौदा वर्षं एक छोटी हॅचबॅक होती. बाबाच चालवायचे (वय ६८, बँकेतून रिटायर). तिच्यात समोर तीन गोल नॉब, एक पंख्याचा, एक थंड-गरमचा आणि एक हवा कुठे सोडायची त्याचा, वर साधा डेक आणि त्यात अभंगांचा पेनड्राइव्ह, संपला विषय. पाडव्याला नवीन गाडी घेतली. शोरूममध्ये तो सव्वादहा इंची स्क्रीन बघून मीच भाळले होते हे कबूल करते, बाबा तेव्हाच म्हणाले होते की ही गाडी आहे का टीव्ही, पण माझ्या हट्टापायी गप्प बसले. कंपनी कुठली ते विचारू नका, त्यावर भांडणं नकोत.

तर झालं असं की जुलैत गावी निघालो, निगडीहून पौड, मुळशी करत ताम्हिणीतून माणगावकडे. मुळशीच्या पुढे भजी खायला उतरलो आणि चौघंही चांगले भिजून परत गाडीत बसलो. घाट लागला, पाऊस असा की दहा फुटांवरचं दिसेना, आणि त्यात काच आतून पांढरी झाली. बाबांचा हात सवयीनं खाली गेला जिथे जुन्या गाडीत नॉब होता, तिथे काहीच नाही, नुसती गुळगुळीत काळी पट्टी. मग मी बाजूच्या सीटवरून स्क्रीनवर शोधायला लागले तर स्क्रीनवर मॅप, एसीचं पान कुठे ते सापडेना, वर हेडलाइट लावल्यापासून स्क्रीन इतका अंधुक झालेला की अक्षरं लागेनात, बाबा एका हातानं रुमालानं काच पुसतायत, आणि तेवढ्यात मागे बसलेल्या आईला मावशीचा फोन आला तो थेट गाडीच्या स्पीकरवर!! मावशी सुरू, "काय गं, गेलीस का तुझ्या त्या सासरच्या गावाला चिखल तुडवायला". बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेवटी एका रुंद वळणाशी गाडी बाजूला घेतली, चारी इंडिकेटर लावले आणि काचा खाली करून भिजत बसलो.

तेव्हापासून बाबा म्हणतात ही गाडी तू चालव, मला माझी जुनी आणून दे. ती विकली ना पण.

आता प्रश्न. काच साफ व्हायला नक्की काय दाबायचं आणि कुठे? अँड्रॉइड ऑटो (फोनमधला मॅप, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणतं ते) दर वीस मिनिटांनी का तुटतं? आईचा फोन आपोआप गाडीला का जोडला जातो? ८० च्या वर गेलं की बीप वाजतो तो स्क्रीनमधून बंद होतो का? बाबा बोट लावतात तेव्हा स्क्रीन कधी ऐकतो कधी ऐकत नाही, तो खराब आहे का? आणि शेवटचं, बाहेरून जुन्यासारखे नॉब बसवून मिळतात का कुठे? हसू नका.

---

बोरघाट_रोजचा:

ताई मी मुंबई पुणे रोजची गाडी मारतो. एकच सांगतो, चालत्या गाडीत स्क्रीनला हात लावायचाच नाही. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, दोन सेकंद मान वळवली की ४४ मीटर डोळे झाकून गेलात. मॅप, गाणी, एसी सगळं निघायच्या आधी सेट करायचं, वाटेत बदलायचं तर फूड मॉलला. शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर, थांबून नाही हां. बोगद्यात मॅप भंजाळतो, बाण इकडे तिकडे नाचतो, लोक तिथेच स्क्रीन चोळत बसतात, अरे बाहेर पडलं की तो आपला आपण येतो.

---

दहाचा_पाना:

चिमणीताई, एकेक करून घेऊ. स्क्रीन राहू दे बाजूला, आधी धुक्याचं कारण कळलं पाहिजे, नाहीतर बटण सापडूनही उपयोग नाही.

चार भिजलेली माणसं बंद गाडीत म्हणजे चालतीबोलती वाफ. बाहेर पावसानं काच गार झालेली, आतल्या हवेतलं पाणी त्या गार काचेवर बसतं. त्यावर उपाय एसी, आणि इथेच सगळे चुकतात, थंडी वाजते म्हणून एसी बंद करतात. एसी हवा थंड करता करता तिच्यातलं पाणी काढून घेतो, ते पाणी गाडीखाली टपकताना तुम्ही बघितलंच असेल. म्हणजे एसी चालू, तापमान हवं तर २५-२६ ला न्या, हवा काचेकडे, पंखा मोठा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असतो ना, तो बंद. तो चालू असला की तीच ओली हवा आतल्या आत फिरत राहते. माझी पैज आहे की तुमचा तो चालूच होता, मुळशी रोडला पुढच्या डंपरचा धूर नको म्हणून कोणीतरी लावला असणार आणि विसरला असणार.

उलटं पण होतं बरं का. कधी काच बाहेरून धुरकटते. एसी फार गार ठेवला आणि हवा काचेवर सोडली की काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बसते. ओळखायचं कसं, आतून बोट फिरवा, रेघ उमटली तर धुकं आत, नाही उमटली तर बाहेर. बाहेरचं असेल तर वायपर मारा आणि तापमान वाढवा. रुमालानं काच पुसायची नाही, तेलकट हात लागतो आणि पुढच्या वेळी धुकं अजून पटकन धरतं, रात्री समोरच्या लाइटनं तर तारे चमकतात.

आता बटण. एसी स्क्रीनमध्ये घातलेल्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेचं बटण मात्र बाहेर वेगळं ठेवलेलं असतं. पंख्यासारखा आकार आणि त्यातून वर जाणारे तीन वाकडे बाण. तुम्ही जी गुळगुळीत काळी पट्टी म्हणताय ना, गाडी चालू करून दिवसा नीट बघा तिच्यावर, मला वाटतं तिथेच आहे ते. चौकोनात तसेच बाण असले तर ते मागच्या काचेचं, गल्लत करू नका. ते पुढचं बटण एकदा दाबलं की बहुतेक गाड्या एसी, पंखा, बाहेरची हवा सगळं आपोआप करतात.

स्क्रीन अंधुक झाला कारण हेडलाइट लावले की गाडी समजते रात्र झाली. भर दुपारी पावसात लाइट लावले की हाच घोळ होतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दिवसाचा आणि रात्रीचा ब्राइटनेस वेगळा असतो, रात्रीचा जरा वर घ्या. काही गाड्यांत स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला मीटरच्या लाइटची छोटी चकती असते, तीच स्क्रीनलाही लागू होते. आणि बाबा पोलराइज्ड गॉगल वापरत असतील तर त्यातूनही एलसीडी काळपट दिसतो, मान तिरकी करून बघा, फरक दिसला तर तेच.

अँड्रॉइड ऑटो दहापैकी आठ वेळा केबलमुळे तुटतं. चार्जिंगची केबल वेगळी आणि डेटाची वेगळी, दिसायला सारख्याच, स्वस्तातल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात किंवा इतक्या बारीक असतात की खड्डा आला की गेलं. मीटरभराच्या आतली चांगली केबल घ्या. गाडीतले दोन्ही पोर्ट पण सारखे नसतात, एक नुसता चार्जिंगचा असतो, मॅन्युअल बघा. आणि फोनच्या पोर्टात खिशातला कापूस बसलेला असतो तो फोन बंद करून टूथपिकनं हळूच काढा, मी यावरून दोन जणांचे नवीन फोन घेण्याचे पैसे वाचवलेत. बिनवायरचं असेल तर ते ब्लूटूथवर ओळख पटवून मग वायफायवर चालतं, त्यात जीपीएस आणि डॅशवरचं ऊन, फोन तापला की तुटणारच, फोन एसीच्या झोतापाशी ठेवा.

आईचा फोन लागतो कारण डिलिव्हरीच्या दिवशी हौसेनं सगळ्यांचे फोन जोडून दिले असणार शोरूमच्या पोरानं. गाडी चालू झाली की ओळखीच्या यादीतला जो आधी सापडेल त्याला ती पकडते. यादीतून आईचा काढा, आणि मावशींना सांगा पुढच्या वेळी मेसेज करा म्हणून :)

८० चा बीप बंद होत नाही आणि करायचा पण नाही. १ जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना तो नियमानेच आहे, ८० ला अधूनमधून आणि १२० च्या वर सतत. एअरबॅग आणि मागचा पार्किंग सेन्सर त्याच वेळी सक्तीचा झाला.

---

टचप्रेमी_ठाणे:

मला कळत नाही लोक स्क्रीनच्या नावानं का बोंबलतात, फोन वापरतात ना ६८ व्या वर्षी? व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग पाठवतात ना? मग हे पण तेच. सवयीचा भाग आहे. माझी आई ६३, महिन्याभरात शिकली. आणि टचस्क्रीन काही कालचा नाही, १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरामध्ये आला होता, टीव्हीसारखी काचेची नळी असलेला स्क्रीन डॅशमध्ये, आणि त्यात एसी रेडिओ सगळं. चाळीस वर्षं होत आली. मॅप, रिव्हर्स कॅमेरा, हे सगळं तुम्हाला नॉबवर दिसणार का? अपडेट आला की नवीन गोष्टी मिळतात, जुन्या डेकला मिळायच्या का?

---

दहाचा_पाना:

@टचप्रेमी फोन बघताना आपण सोफ्यावर असतो हो, ताम्हिणीत नाही. आणि अपडेट म्हणाल तर माझ्या शेजाऱ्याच्या गाडीला अपडेट आला आणि एसीचं चिन्ह डावीकडून खाली गेलं, तो आठवडाभर रेडिओ लावत होता. नॉब कधी रात्रीतून जागा बदलत नाही.

---

गोथेनबर्गचा_गोटू:

मी गेली नऊ वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आहे, मूळ सातारा, काम गाड्यांच्याच धंद्यात, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

इथे वी बिलेगारे म्हणून कारचं नियतकालिक आहे, त्यांनी २०२२ मध्ये एक मस्त टेस्ट केली होती. एक बंद धावपट्टी, ताशी ११० चा वेग, अकरा नव्या गाड्या आणि त्यांच्यासोबत मुद्दाम एक २००५ ची जुनी व्होल्वो व्ही७० जिच्यात टचस्क्रीनच नाही. ड्रायव्हरनं चार साधी कामं करायची, सीटची हीटिंग लावून तापमान दोन डिग्री वाढवून काचेचा डीफ्रॉस्ट (म्हणजे डीफॉग, काच साफ करायचं ते) लावायचा, रेडिओ ठरावीक स्टेशनवर लावायचा, ट्रिप मीटर शून्य करायचा, आणि मीटरचे लाइट कमी करून मधला स्क्रीन बंद करायचा. आधी गाडीत बसून सराव करायला वेळ पण दिला होता. त्या जुन्या व्होल्वोमध्ये चारही कामं १० सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या गाडीत पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं आणि गाडी १३०० मीटरच्या वर पुढे गेलेली. त्या चार कामांतलं पहिलं बघा, तापमान आणि डीफ्रॉस्ट. म्हणजे बाबांचं ताम्हिणीतलं काम तिथे पट्टीच्या टेस्ट ड्रायव्हरला कोरड्या धावपट्टीवर जड गेलं. बाबांना हे वाचून दाखवा, त्यांना बरं वाटेल.

टचप्रेमी, सवयीचं म्हणताय ते अर्धंच खरं आहे. नॉबची सवय हाताला लागते, डोळ्याला नाही. आजी अंधारात देवघरातली काडेपेटी शोधते ना तसं. सपाट काचेवर बोटाला काही कळतच नाही, कितीही वर्षं वापरा, दाबलं गेलं का हे बघायला डोळे लागतातच. युरो एनकॅपवाल्यांनी (गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी युरोपातली संस्था) पण हे मनावर घेतलंय, २०२६ च्या नियमांत पूर्ण पाच स्टार हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि इमर्जन्सी कॉल ही पाच कामं स्क्रीनच्या बाहेर हाताला लागतील अशी ठेवा म्हणतायत. डीफॉग त्यात नाही हे मला स्वतःला खटकतं. युरोपात काही कंपन्या बटणं परत आणायला लागल्यात, स्क्रीन स्वस्त पडतो म्हणून सगळं त्यात कोंबलं होतं हे उघड गुपित आहे. वीस बटणं, त्यांचे साचे, वायरी, टेस्टिंग, त्यापेक्षा एक काच लावली की झालं.

---

खलाशी_दाभोळ:

गोटूभाऊ तुम्ही काडेपेटी म्हणालात म्हणून आठवलं. मी मर्चंट नेव्हीत होतो, सिंगापूरच्या पट्ट्यातून कितीदा गेलोय मोजदाद नाही, तिथे जहाजांची गर्दी म्हणजे संध्याकाळचं दादर. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथेच अमेरिकन नेव्हीची जॉन एस मॅकेन या विनाशिकेची एका टँकरशी टक्कर झाली, दहा खलाशी गेले. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, स्टिअरिंग आणि इंजिनचा कंट्रोल टचस्क्रीनवर होता, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कंट्रोल देताना घोळ झाला, सुकाणूवरच्या पोराला वाटलं स्टिअरिंगच गेलं. ट्रेनिंग कमी, झोप कमी, ही पण कारणं होतीच, नुसतं स्क्रीनवर ढकलून चालणार नाही. पण २०१९ ला त्यांच्या नेव्हीनं ठरवलं की हातानं ढकलायचे थ्रॉटल परत बसवायचे. आम्ही जुनी माणसं हसलो तेव्हा. थ्रॉटलची दांडी कुठवर गेलीय हे ब्रिजवरच्या दहा लोकांना एका नजरेत दिसतं, स्क्रीनवरचा आकडा फक्त त्याच्यासमोर उभा असेल त्याला.

असो, विषय गाडीचा आहे, वाहवत गेलो.

---

कपलरवाला:

माझं ॲक्सेसरीजचं दुकान आहे, गाव सांगत नाही, जाहिरात नको. शेवटचा प्रश्न कोणी घेतलाच नाही म्हणून लिहितो. ताई, बाहेरून एसीचे नॉब बसवून मिळत नाहीत. कोणी बसवून देतो म्हणाला तर पळा. आता एसी नुसता एसी राहिला नाही, तो गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतो, स्क्रीन काढला की कॅमेरा, सेन्सर, कधी कधी स्टिअरिंगची बटणं सगळं रुसतं. नवीन गाडीत तर हात घालूच नका, वॉरंटीत वायर कापलेली दिसली की तिथेच संपलं.

जुन्या गाडीला स्क्रीन लावणाऱ्यांसाठी पण सांगतो, म्हणजे हा धागा नंतर कोणी शोधत आला तर. काम कपलर टू कपलरच, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगला प्लग जोडून, करून घ्या, वायर कापून टेप मारणारा नको. आणि एक विनंती, आमच्याकडे येऊन लोक सांगतात की चालत्या गाडीत व्हिडिओ लागत नाही, तेवढी हँडब्रेकची वायर अर्थिंगला जोडून द्या. देणारे देतात. मी देत नाही. ती वायर त्यासाठीच आहे की हँडब्रेक ओढल्याशिवाय पिक्चर लागू नये. एक गिऱ्हाईक माझ्यावर चिडून समोरच्या दुकानात गेला, जाऊ दे.

स्क्रीन पुसायचा तर कोरडं मायक्रोफायबर फडकं, फार तर किंचित ओलं. सॅनिटायझर, काच साफ करायचा निळा स्प्रे, कोलीन वगैरे मारू नका, वरचा थर जातो आणि मग इंद्रधनुष्य दिसतं. चकाकी फार असेल तर मॅट गार्ड मिळतो, लावा बिनधास्त.

आणि बाबांचं बोट. मला वाटतं ते नखानं टकटक करतात. आमच्याकडे येणारे निम्मे आजोबा तेच करतात. हा स्क्रीन दाबावर चालत नाही, बोटाच्या कातडीवर चालतो, नख लावलं की त्याला कळतच नाही. वय झालं की बोटं कोरडी पडतात तेव्हा पण कमी ऐकतो, आणि ओल्या बोटानं तर भलतंच काहीतरी करतो, भजी खाऊन आलेल्या बोटाचं विचारूच नका. बोटाचा मऊ भाग, हलकेच, लगेच उचला. जोरात दाबून धरलं की तो समजतो चिन्ह हलवायचंय, आणि मग सगळी चिन्हं थरथरायला लागतात आणि माणूस घाबरतो.

---

टचप्रेमी_ठाणे:

बरं बरं, मान्य, डीफॉगचं बटण बाहेर पाहिजे. बाकी मुद्द्यांवर ठाम. आवाजानं सांगा ना, स्टिअरिंगवरचं बटण दाबून, त्यात डोळे लागत नाहीत.

---

बोरघाट_रोजचा:

आवाजानं सांगितलं मी एकदा, मळवली म्हटलं तर बाई मला भलतीकडेच न्यायला निघाली. आणि मॅपच्या बाईचं मराठी गावांचं इंग्रजीतलं वाचन तुम्ही ऐकलंय का, पॅसेंजर हसून लोळतात. फोन लावायला ठीक आहे, घरी फोन लाव म्हटलं की लावते.

फोन हातात घेऊन मॅप बघू नका एवढं मात्र सगळ्यांना सांगतो. नियमात रस्ता बघायला परवानगी आहे पण चालवताना लक्ष उडता कामा नये असं पण आहे, आणि हातात फोन धरून गाडी मारली तर कलम १८४ खाली हजारापासून पाच हजारापर्यंत दंड, कॅमेऱ्यात येतं आता. गाडीला स्क्रीन आहे तर त्यावरच लावा आणि विसरा. ताम्हिणीत रेंज जाते, घरून निघताना तेवढ्या भागाचा ऑफलाइन मॅप उतरवून घ्या.

---

शॉर्टहँड_१२०:

मी मंत्रालयात स्टेनो होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, गाडी चालवत नाही, मुलगा चालवतो, मी वाचक आहे फक्त. पण तुमच्या सगळ्यांच्या लक्षात कसं येत नाही याचं नवल वाटतं.

आम्हाला टायपिंग क्लासमध्ये सर बोटांवर रुमाल टाकून टाइप करायला लावायचे. बघायचं नाही. आता कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो बघा, जुन्या बटणांच्या मोबाइलला पाचावर टिंब असायचं. तेवढं एक सापडलं की बाकीची बोटं आपापल्या जागी जातात.

मग त्या काळ्या पट्टीवर बटण सापडलं की त्याच्या बरोबर वरच्या कडेला, बटणावर नव्हे हं, एक खड्याची टिकली लावून टाका की. बोट टिकलीला लागलं की त्याच्या खाली दाबायचं. नॉब कशाला हवेत.

---

दहाचा_पाना:

🙏🙏 काकू तुम्ही कुठे होता इतके दिवस. बावीस वर्षं पाने फिरवतोय, हे सुचलं नाही.

---

गोथेनबर्गचा_गोटू:

काकू, उद्या ऑफिसात सांगतो. टिकली म्हणजे काय हे आधी समजवावं लागेल.

---

खिडकीतली_चिमणी:

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी.

गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि बाबा दोन तास गाडीत बसून होतो, इंजिन बंद ठेवून नुसतं स्विच ऑन, तर मध्येच बॅटरी लो असं आलं म्हणून मग बाहेर उघड्यावर नेऊन चालू करून बसलो. बाबांनी बँकेची जुनी डायरी आणली होती, तिच्यात प्रत्येक चिन्हाचं चित्र काढून समोर मराठीत लिहून घेतलं. फिरणारा बाण = "हवा बंद घरात". पान्यादादा तुम्ही पैज जिंकलात, तो चालूच होता आणि तो मीच लावला होता, पिरंगुटला.

बटण काळ्या पट्टीवरच होतं. डावीकडून तिसरं. गेले चार महिने आमच्या नाकासमोर. बाबांना त्याचं चित्र कुकरच्या वाफेसारखं दिसतं म्हणून डायरीत "कुकर" लिहिलंय.

केबल बदलली, फोनच्या खोक्यातली लावली, तेव्हापासून एकदाही तुटलं नाही. तुटणारी होती ती मीच स्टेशनबाहेरून घेतलेली. नखाचं पण खरं निघालं, मी मुद्दाम बघत होते, बाबा दारावर टकटक करावी तसे करतात. आता ते बोट आधी पँटला पुसतात आणि मग लावतात, का ते माहीत नाही पण चालतंय. रात्रीचा ब्राइटनेस वाढवला. आईचा फोन यादीतून काढला त्यावरून आई दोन दिवस रुसली, तुमचा चालतो आणि माझाच का नको, मग मावशीचं वाक्य बाबांनी पुन्हा म्हणून दाखवलं तेव्हा गप्प बसली.

आता टिकली. पहिली साधी मखमली लावली, ती दुपारच्या उन्हात गाडी तापली आणि सरकत सरकत रेडिओच्या बटणावर गेली, बाबा काच साफ करायला गेले आणि बातम्या लागल्या. मग काकू म्हणाल्या तशी खड्याची लावली, ती छान बसली, बोटाला लगेच कळते, तर गाडी पुसणाऱ्या दादांनी कचरा समजून काढून टाकली. तिसरी लावली आणि त्यांना सांगून ठेवलं.

परवा बाबा एकटेच लोणावळ्याला जाऊन आले, पाऊस होता. मी विचारलं काच धरली का, तर म्हणाले धरली होती, कुकर लावला. स्क्रीनकडे बघितलंच नाही म्हणे. ८० चा बीप तर त्यांना आवडायलाच लागलाय, म्हणतात तुझी आई पण एवढ्या वेळेवर सांगत नाही.

आईची तक्रार चालू आहे, चांगल्यातल्या टिकल्यांचं पाकीट आता ग्लोव्हबॉक्समध्ये असतं, पीयूसीच्या कागदाशेजारी.

---

शॉर्टहँड_१२०:

आईंना सांगा, तुळशीबागेत पाकिटं मिळतात, बारीक खड्याची घ्या, मोठा खडा बोटाला टोचतो.